हाडाचा गुण

दारातच ऋतुजाला बोकडाच्या पायांचा वास आला. आज सोमवार. धायरीतल्या या घरात सोमवारी अंडंसुद्धा आणत नाहीत.

आतल्या खोलीत तिचे वडील, भैरू, उशांना टेकून बसले होते. पक्षाघाताला अठरा दिवस झाले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात दूध-पाणी पोचवायची नळी. आणि तुळजाबाई नवऱ्याच्या ओठांना चमचा लावत होत्या.

"आई, हे काय चालवलंयस?"

"अळणी रस्सा हाय. पहाटेपासनं शिजवलाय," तुळजाबाई म्हणाल्या. "तूच न्हाय का सांगितलं फोनवर, हाडातनं काय तरी निघतं आन् मेंदूला सांभाळतं?"

सांगितलं होतं. प्रयोगशाळेत हाडांवर काम करणाऱ्या या शहाण्या पोरीनं मागच्या आठवड्यात हिंजवडीहून आईला धीर द्यायला सांगितलं होतं, की हाडं एक संप्रेरक रक्तात सोडतात आणि झटक्यानंतर ते मेंदूची हानी कमी करत असावं, असं उंदरांमध्ये दिसलंय. हाडं म्हणजे ज्याची त्याच्या अंगातली, हे सांगायचं तिला सुचलं नाही. 'असावं' आणि उंदीर तुळजाबाईंनी वाटेतच गाळले.

"डॉक्टरांनी तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"नळीतनं चव लागती व्हय माणसाला? पयले दोन दिस ठसका लागला. आता चार दिस झाले, ठसका न्हाय की खोकला न्हाय. गपगुमान उतरतंय."

ऋतुजा वडिलांजवळ गेली. ठसका लागत होता तोवर घसा निदान अडवत तरी होता. आता रस्सा फुप्फुसात चालला होता आणि घशाला पत्ताच नव्हता. तिनं वडिलांच्या पाठीला कान लावला. आत खाली काहीतरी बुडबुडत होतं. पाठ चटका बसावा इतकी गरम होती.

"ताप कधीपासून आहे?"

"ताप कसला, ऊब हाय ती. हाडाचा गुण येतोय."

"चमचा खाली ठेव, आई." तिनं रुग्णवाहिकेसाठी फोन काढला. हे आपण केलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तुळजाबाईंनी तिचा दंड धरला. "अगं, थांब. बघ तर खरं."

भैरू चमच्याकडे बघत होते. अठरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून तोंड उघडलं होतं.