नजरेचं माप

बाळंतपणानंतर सारिकाला जुन्या ब्रा काचू लागल्या म्हणून सासू शालनबाई तिला मंठ्यातल्या नेहमीच्या दुकानात घेऊन आल्या. सारिकानं माप घ्यायला टेप मागितली. गुटख्याची लाळ गिळत दुकानदार तिच्या छातीकडं बघत राहिला. "टेप कशाला? माझी नजरच बराबर माप घेती. छत्तीस!" खोक्यातली ब्रा काढून तो ओल्या अंगठ्यानं कप दाबून दाखवू लागला. सारिकाच्या अंगावर पाल पडल्यागत झालं. शालनबाईंना शिसारी आली, त्याची अन् स्वतःचीही. वीस वर्षं तो असाच बघायचा अन् त्या मान खाली घालून दिलेलं मुकाट घ्यायच्या. "ठेव तुझ्यापाशीच. अन् डोळे खाली कर," त्या मोठ्यानं म्हणाल्या. गिऱ्हाईक बाया बघू लागल्या. त्या सारिकाला घेऊन पलीकडच्या दुकानात गेल्या. तिथल्या तरुण बाईनं पडद्याआड टेपनं सारिकाचं माप घेतलं. अडतीस भरलं. मग शालनबाईंनी पदर सारला. "माझं बी मोज, पोरी."