ढोलीतली बाळंतीण

नारळ फुटला होता. एकदा नारळ फुटला की ड्रिलर वासेकर जागा सोडत नसत. कोळशाच्या शोधात रानोरान बोअर मारताना तीस वर्षं त्यांनी हा नेम पाळला होता. आणि आता वनरक्षक सिडामबाई हात आडवे करून मशीनसमोर उभ्या होत्या.

"परवानगी हाये आमच्यापाशी!" वासेकर खेकसले.

"माहीत हाये जी. पण झाडात बाळंतीण हाये. घडीभर बसा, मग तुम्हीच ठरवा."

धुसफुसत ते बसले. समोरच्या बेहड्याच्या झाडातली ढोली मातीनं लिंपलेली होती, बोटभर फट तेवढी उघडी. तासाभरानं धनेश पक्षी आला. फटीतून मादीची चोच बाहेर आली, त्यानं तिच्यात उंबर ठेवलं.

"पिल्लं वाढेस्तोवर मादी सोताले कोंडून घेते," बाई कुजबुजल्या. "मशीनच्या आवाजानं नर पळाला, तं आतले सारे उपाशी मरतीन. महिन्यापासून माझा डबा इथंच."

वासेकरांनी साहेबांना फोन लावला. इंजिनावर मात करणारा त्यांचा आवाज खाली आला होता. "साहेब, बोअर तीनशे मीटर सरकवा."

"नारळ फुटल्यावर? कारण काय लिहू?"

"लिहा, शेजारी बाळंतीण आहे."