पिंपाची ओली बाजू

पाहुण्या बाईंनी माउस हातात घेतला आणि आधी काय केलं, तर शेजारी उभ्या मुलीने पडद्यावरच्या आपल्या दरबारात लावून ठेवलेला कॅमेरा बंद केला.

तिच्या कपाळाला आठी पडली. त्या कॅमेऱ्याची जागा ठरवण्यात तिचे तीन आठवडे गेले होते. तिथून पाहिलं की तिचा अख्खा दरबार एका नजरेत मावायचा: सिंहासन, मागची फुटकी रंगीत खिडकी, तिच्यातून आत येणारा पाऊस आणि छतावरची सहाशे कोरीव पानं. गेम खेळणारा माणूस छताकडे बघत नाही, असं सर सांगून थकले होते. पण सरांचं काय घेऊन बसायचं? ते तर कुणाचंही काम बघून "छान, अजून थोडं" म्हणायचे. त्यांचं ऐकणं तिने दुसऱ्याच महिन्यात सोडलं होतं.

गेम बनवणाऱ्या एका कंपनीतून बाई आल्या होत्या आणि गेम-डिझाइनच्या या वर्गातल्या बावीस जणांमधून एकालाच कामावर घेणार होत्या. ती जागा आपलीच, असं ती धरून चालली होती. दुसरं होतंच कोण? माणसापेक्षा मोठ्या तलवारी करणारी पोरं. एकच चेहरा बारा वेळा रंगवून त्याला बारा पात्रं म्हणणारी तिची मैत्रीण. आणि पिंप्या. हे नाव तिनेच ठेवलेलं. त्या महाभागाने वर्षभर नुसती पिंपं केली. लोक राज्यं उभी करत होते, तेव्हा हा कॅन्टीनमागे उकिडवा बसून एका जुन्या लाकडी पिंपाकडे टक लावून बघायचा. काय करतोस विचारलं, तर म्हणे, "पाणी कुठून लागतं ते बघतोय." हे वाक्य तिने आठवडाभर त्याच्याच आवाजात म्हणून दाखवून वर्गाला हसवलं होतं.

टेबलावर तिची फाइल होती आणि तिच्यावर एक कागद. 'वर्षभरात मी काय शिकले' यावर प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं. बाकीच्यांनी तीन-तीन पानं आभार मानले होते. मस्का लावणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने एकच ओळ लिहिली होती. सरांनी ती वाचली आणि कागद पालथा घातला.

बाई आता खेळणाऱ्याच्या उंचीवरून दरबारात चालू लागल्या. सिंहासनापाशी त्या क्षणभर थांबल्या. वर त्यांनी पाहिलंच नाही. सरळ डाव्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथल्या पिंपासमोर उभ्या राहिल्या.

ते पिंप कोपरा भरायला म्हणून तिने काल घाईत वर्गाच्या सामाईक फोल्डरमधून उचललं होतं. दुसऱ्याची वस्तू वापरली तर खाली त्याचं नाव लिहायचं, असा वर्गाचा नियम होता. पण आपल्या दरबाराखाली पिंप्याचं नाव? तिच्या हातून ते लिहून होणं शक्य नव्हतं.

"हे तू केलंस?" बाईंनी विचारलं.

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "सगळं मीच केलंय."

बाई पिंपाला वळसा घालून मागे गेल्या. पुढून ते कोरडं, नीटनेटकं दिसत होतं. मागच्या फळ्या मात्र फुगून काळ्या पडल्या होत्या. लोखंडी पट्टी तेवढ्याच भागात गंजली होती आणि बुडाशी शेवाळाची बारीक रेघ होती.

"ही बाजू भिंतीकडे का केलीस?"

"घाण दिसत होती. कॅमेऱ्यात."

"पाऊस खिडकीतून येतोय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "आणि पिंप भिंतीकडून कुजलंय. ज्याने हे केलं, त्याला पाणी कुठून लागतं ते पक्कं ठाऊक होतं. त्याने ते असं ठेवलं नसतं."

आठवडाभर वापरून गुळगुळीत झालेलं ते वाक्य आता तिला कुणाच्याच आवाजात म्हणता येईना.

"आमच्याच एका मुलाचं आहे ते," सर हळूच म्हणाले. "बाहेर बसलाय."

"बोलवा त्याला."

सर उठून गेले. बाईंनी माउसने पिंप अर्धं फिरवलं. काळी बाजू खिडकीसमोर आली, आणि इतके महिने नुसताच दिसणारा पाऊस त्या दरबारात खरोखर पडू लागला. तिलाही ते दिसलं. आपल्याला ते दिसलं, याचाच तिला जास्त राग आला.

दाराशी पिंप्या आला. हातात वही, खिशाला शाईचा डाग, चेहऱ्यावर तोच बावळट भाव. त्याने पडद्याकडे पाहिलं, आपलं पिंप ओळखलं आणि मग तिच्याकडे बघून चक्क हसला. ते कुणीतरी वापरलेलं बघून त्याला आनंदच झाला होता.

बाईंनी पडद्यावरचा तिचा दरबार बंद केला. पालथा कागद उचलून त्यावरची ओळ वाचली: 'या वर्षात मी इथे काहीही शिकले नाही.'

कागद त्यांनी तिच्या हातात दिला.

"हे मात्र तू खरं लिहिलंस."