कडीतलं भांडण

ओसाड पडलेल्या चिंचवली गावात दिगंबर आपल्या जुन्या घराच्या जोत्यावरून शोधयंत्र फिरवत होता. पुरलेला धातू सापडला की त्यात मुरलेले आवाजही ते ऐकवायचं. त्याची दुसरी बायको हेमलता कुदळ घेऊन मागे उभी होती.

आधी पितळी पळी निघाली. तिच्यातून मंदाकिनी, त्याची वारलेली पहिली बायको, खळखळून हसली. दिगंबरने ते हसू चारदा ऐकलं. हेमलताच्या अंगाची आग झाली.

मग दाराची गंजलेली कडी सापडली.

"निघालीस कुठे?" तिच्यातून तरुण दिगंबर मंदाकिनीवर ओरडला.

"माहेरी! बसा एकटे!"

हेमलताला हसण्यापेक्षा हे भांडणच जास्त झोंबलं. हेमलताशी मात्र तो पाहुणीशी बोलावं तसं जपून बोलायचा. तिने यंत्र हिसकावलं.

"माझ्याशी का नाही भांडत कधी?"

"ते तिचं शेवटचं बोलणं," दिगंबर म्हणाला. "त्याच दिवशी ती ओढ्यात वाहून गेली."

हेमलताच्या हातून यंत्र निसटलं.

"अगं, नीट धरता येत नाही?" तो खेकसला आणि लगेच घाबरून गप्प झाला.

हेमलता जोत्यावर टेकली.

"बोला ना," ती म्हणाली. "मी कुठेही जात नाही."