गारवा

विद्यापीठाची रोह्यातली नवी विज्ञान-अभियांत्रिकी इमारत सुरभीने अशी आखली होती, की एसीशिवाय गारवा राहावा आणि वीज निम्मीच लागावी. वर्ष सरलं तर विजेचा वापर उलट वाढलेला! आता पेणच्या इमारतीचं काम हातचं जाणार, या धास्तीने ती दोष शोधायला आली. दिवसभर तपासूनही काही सापडेना. दिवेलागण झाली, तास केव्हाच संपले, तरी खोल्याखोल्यांत दिवे, पंखे आणि माणसं.

“सर, घरी नाही जायचं?” तिने विभागप्रमुख म्हात्रे सरांना विचारलं.

“जाऊ हो सावकाश. घरी फार उकडतं.”

तेवढ्यात सरांना शोधत त्यांची बायको दारात आली आणि सुरभीला म्हणाली,


“तुमीच आखलीत ना ही? मग पाचनंतर जरा उकडेल असं कायतरी करा की, मॅडम! आमचं माणूस घरी येत नाय.”