कढत प्याला

माझं खाणंपिणं आधी चाखून बघणाऱ्या गुलामाने कढत मद्याचा घोट घेतला, ओठ पुसले आणि प्याला माझ्यापुढे ठेवला. "थंड पाणी घालू, महाराज?"

गेल्या महिन्यात याच मेजावर त्याने रोमच्या जुन्या सम्राटाला हेच विचारलं होतं. मद्य चाखलेलं होतं. विष पाण्यात होतं, कारण पाणी चाखायची आमच्याकडे रीतच नाही. डोकं माझं, हात त्याचा. आता सिंहासनावर मी.

पाणी चाखायला सांगावं, तर सम्राट फेफरं येऊन गेले ही माझीच थाप भरल्या पंगतीत उघडी पडणार.

"नको," मी म्हणालो आणि जीभ पोळली तरी प्याला रिकामा केला.

तो मायेने हसला. "आधीचे महाराजही सुरुवातीला कढतच प्यायचे. मग कंटाळले."