आरशात दिसलं पाहिजे

"समुद्रावर जाताना हिवाळी कोट कशाला?" जोसीनं आईला विचारलं.

"रात्री पाण्यावरून वारा येतो," कोरीन म्हणाली आणि कोट पिशवीत कोंबला.

"जूनमध्ये?"

"जूनमध्येसुद्धा. बाबांना विचार. ते त्याच काठावर वाढलेत."

बाबा, म्हणजे लाइल, बाहेर आरव्हीच्या टपावर उकिडवा बसून गळक्या फटी बुजवत होता. मेलेल्या चुलत्याकडून आलेली ती जुनी, आत राहता येणारी गाडी. आत दोन शेगड्या, एक मोरी आणि घड्या घालता येणारं सगळं काही. रंग भाजलेल्या पिठाचा, म्हणून जोसीनं तिचं नाव बिस्किट ठेवलं होतं. शाळेला कालच सुटी लागली होती. निघायचं गुरुवारी सकाळी. गुरुवार म्हणजे गुरुवार, लाइलनं बजावलं होतं.

नकाशा जमिनीवर पसरला होता, कारण टेबल आधीच गेलं होतं. आपण नसताना रंगारी येणार, त्यांना खोल्या रिकाम्या लागतात, असं कोरीननं जोसीला सांगितलं होतं.

लाइल हात पुसत आत आला आणि नकाशाजवळ बसला.

"हे बघ, खाऱ्या पाण्याचं पार्क. ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की चालत चालत वाळूतल्या शिंपल्या-तिसऱ्या उकरायच्या. वाहून आलेले ओंडके बसायला."

"आणि यंत्रात नाणी टाकून अंघोळ," जोसी म्हणाली. "मागच्या वेळी नाणी संपली, पाणी थांबलं आणि तुम्ही साबणासकट पळत आलात."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ते विसरलीस."

"तिथं किती दिवस राहायचं?"

"दहा. त्यापुढं पार्कचा रेंजर राहू देत नाही. येऊन हाकलतो. मग पुढचं पार्क, तिथं दहा. मग त्याच्या पुढचं."

"म्हणजे सगळा उन्हाळा समुद्र?"

"सगळा उन्हाळा, राणी."

कोरीन उठून नळाकडं गेली. भांडी नव्हती, तरी नळ सोडला.

समोरचा गस कुंपणावर रेलून म्हणाला, "मजा आहे बुवा तुमची. आम्ही इथं कुजतोय." लाइल हसला. गसचं काय चुकलं? बाजारासमोर गाडी लावून तिच्यात झोपा, पोलीस काच बडवून उठवतात. तीच गाडी पार्कात नेऊन खांबाच्या विजेला जोडा, लोक हेवा करतात. गाडी तीच, माणसं तीच, घोरणंसुद्धा तेच.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी मागं घ्यायचा सराव केला. बिस्किटच्या मागं काय आहे ते चालवणाऱ्याला काही दिसत नाही. एकानं मागं उभं राहून हातानं खुणा करायच्या. नियम एकच.

"मी आरशात दिसले नाही की थांबायचं," कोरीन म्हणाली. "अंदाजानं यायचं नाही."

"वीस वर्षं अंदाजानंच संसार केला की."

"म्हणूनच सांगतेय."

जोसीनं हसत निघावं, एवढंच कोरीनला हवं होतं. बाकी सगळं ती गिळायला तयार होती. कोटावर, रंगाऱ्यांवर, पार्कांवर पोरगी हसत मान डोलवत होती. राहिलं होतं एकच, चावडर. ही पिवळी मांजर जोसीच्या मानेला चिकटून झोपायची, आणि गाडी सुरू झाली की गळा काढून रडायची. तिला नेणं शक्य नव्हतं. शेजारच्या मिसेस ओस्लंडना कोरीननं गुपचूप विचारूनही ठेवलं होतं. विचारलं म्हणजे ओरडून. म्हातारीला ऐकू कमी यायचं. जोसी शाळेत होती, म्हणून निभावलं.

जोसीला कसं सांगायचं, याची कोरीननं मनात तालीम केली. पार्कातली कुत्री, रानातले कोल्हे. सांगायची वेळच आली नाही. जोसी बिस्किटमधल्या टेबलाची घडी पाडून केलेल्या बिछान्यावर आडवी झाली, पाय ताणले आणि म्हणाली, "मी मावते. चावडर नाही मावत. तिला मिसेस ओस्लंडकडं ठेवू या."

कोरीनच्या छातीवरचा दगड उतरला. उतरताना खरचटलंही.

"नऊ वर्षांची पोर," रात्री ती लाइलला म्हणाली. "डोळ्यात टिपूस नाही."

"रडली नाही ना? मग उकरू नकोस."

गुरुवारी सकाळी जोसीनं मांजर उचलली. मांजरीच्या गळ्यातला पत्ता कोरलेला पत्र्याचा बिल्ला काढून तिनं आपल्या खिशात टाकला.

"तो कशाला?" कोरीननं विचारलं.

"आठवण म्हणून."

"बरं. पोचवून पटकन ये. बाबा गाडी बाहेर काढतायत."

जोसी झुडपांच्या कुंपणापलीकडं गेली. कोरीननं दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली पत्रं टाकायच्या फटीतून आत सोडली. आत ती पडल्याचा आवाज बराच वेळ घुमला.

मग रस्त्यावर जाऊन ती गाडीच्या मागं उभी राहिली. लाइलच्या आरशात बघून तिनं हात वर केला. ये, ये, सावकाश. बिस्किट गुरगुरत मागं सरकू लागलं.

"सप्टेंबरात परत येशील तेव्हा ओळखणार नाहीस," कुंपणापलीकडून मिसेस ओस्लंड म्हणाल्या. "लठ्ठ करून ठेवते हिला."

जोसी काहीतरी पुटपुटली.

"काय? मोठ्यानं बोल, बाळ."

"नवा बिल्ला करा," जोसी ओरडली. "तुमच्या पत्त्याचा. आम्ही परत येणार नाही. घर बँकेनं घेतलंय. पण आईला बोलू नका. मला ही सुटीच वाटतेय असं तिला वाटतंय. वाटू दे."

ओरडणं रस्त्यापर्यंत पोचलं आणि आरशातून कोरीन नाहीशी झाली. लाइलनं ब्रेक दाबला.